मन्रो (स्कॉटलंडमधील शिखरसूची)

मन्रो : स्कॉटलंडमधील ३,००० फूट (९१४.४ मी.) उंचीची मर्यादा ओलांडणाऱ्या आणि ‘स्वतंत्र डोंगर’ म्हणून मान्य झालेल्या शिखराची संज्ञा. सर ह्यू टॉमस मन्रो (१८५६–१९१९) यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांवरून ती रूढ झाली. सध्याच्या यादीत २८२ मन्रो आहेत. त्यांखेरीज उंची पुरेशी असूनही स्वतंत्र न मानलेली दोनशेहून अधिक दुय्यम शिखरे आहेत. त्यांना ‘टॉप’ म्हणतात. यादीची देखरेख स्कॉटिश माउंटनिअरिंग क्लब (स्थापना १८८९) करतो. उंची मोजण्याचे काम ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सर्वेक्षण संस्थेचे असले, तरी कोणते शिखर यादीत ठेवायचे याचा निर्णय क्लबचाच असतो. (या नोंदीतील गेलिक नावे अंदाजे उच्चारानुसार लिहिली आहेत.)

व्याख्येचा पहिला भाग मोजता येतो, दुसरा येत नाही. यादीविषयी गेल्या शतकात झालेल्या वादांचे मूळ बहुतांशी या दुसऱ्या भागात आहे.

यादीची जुळणी : मन्रो यांचा जन्म लंडनचा, घराण्याची जहागीर अँगस परगण्यात किरीम्युरजवळ लिंडर्टिस येथे होती. ते क्लबचे संस्थापक-सदस्य. क्लबच्या नियतकालिकाचे पहिले संपादक जोसेफ गिब्सन स्टॉट यांच्या आग्रहावरून त्यांनी हे काम अंगावर घेतले. त्यापूर्वी ३,००० फुटांवरची शिखरे तीसच्या आसपास असावीत, असा समज मार्गदर्शिकांतून पसरला होता. सर्वेक्षणाचे एक इंची व सहा इंची (मैलाला एक व सहा इंच प्रमाणाचे) नकाशे चाळून आणि जेथे नकाशात उंचीचा आकडा नव्हता तेथे वायुभारमापकाचा आधार घेऊन मन्रो यांनी ५३८ शिखरे नोंदली व त्यांपैकी २८३ स्वतंत्र डोंगर ठरवली. एका तक्त्यात प्रदेशानुसार आणि दुसऱ्यात उंचीनुसार मांडणी होती. स्वतंत्र डोंगर कोणते व टॉप कोणते हा निर्णय विचारपूर्वक केला असला तरी अखेरचा मानू नये, अशी कबुली प्रास्ताविकातच होती. पुढच्या काळातील वादांत तिचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला आहे.

स्वातंत्र्याची कसोटी : डोंगर ‘स्वतंत्र’ केव्हा होतो, याचे सूत्र मन्रो यांनी दिले नाही. शेजारच्या उंच शिखराकडे जाताना मधल्या खिंडीपर्यंत किती उतरावे लागते (याला ‘उतार’ म्हणू), दोन माथ्यांत किती अंतर आहे आणि मधली वाट कशी आहे, या तीन गोष्टी त्यांच्या मनात असाव्यात, असे यादीवरून अनुमान करता येते. अडचण अशी की हे तिन्ही निकष अनेकदा एकमेकांविरुद्ध जातात.

केर्नगॉर्म पर्वतसमूहात हे विशेष जाणवते. तेथे ग्रॅनाइटची विस्तीर्ण, गोलाकार पठारे आहेत. दोन माथ्यांमध्ये मैलभर चाल असते, पण वाटेत उतार इतका अल्प की धुक्यात आपण खिंड ओलांडली हेही कळत नाही. उलट स्काय बेटावरील कुलिन कड्यांत दोन टोके हाकेच्या अंतरावर असतात आणि मधली खाच उभ्या कड्याची असते. दोर नसेल तर परत फिरावे लागते. एकच फुटांचा आकडा दोन्हीकडे लावला तर पठारावरील माथे गळतात आणि कुलिनमधील प्रत्येक दात डोंगर होतो. अंतराचा आकडा लावला तर नेमके उलटे घडते. एकाच मापाचा आग्रह धरणारे व भूरूपानुसार निर्णयाची मुभा मागणारे असे दोन पक्ष यातून झाले. पहिल्या पक्षाची भूमिका तर्कशुद्ध आहे. मात्र मन्रो यांची मूळ यादी तिच्याशी जुळत नाही. ती डोंगर पायाखाली घातलेल्या माणसाने, प्रत्येक ठिकाणी वेगळा विचार करून केलेली दिसते, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे तिच्याशी अधिक सुसंगत वाटते.

या संदिग्धतेचे गाजलेले उदाहरण स्काय बेटावरील स्कूर जेरग हे आहे. गेलिकमध्ये ‘स्कूर’ म्हणजे टोकदार शिखर, ‘जेरग’ म्हणजे तांबडे. दगडांची रास असलेल्या त्याच्या माथ्यालगत बेसॉल्टचे एक पातळ, उभे पाते आकाशात गेले आहे. सह्याद्रीत आपण ज्याला सुळका म्हणतो त्यापेक्षा ते माशाच्या पाठीवरील परासारखे अधिक दिसते. ‘इनॲक्सेसिबल पिनॅकल’, अर्थात अगम्य सुळका, हे त्याचे नाव १८८० मध्ये चार्ल्स व लॉरेन्स पिल्किंग्टन या बंधूंनी तो सर केल्यावरही टिकले. त्याचा माथा (सु. ९८६ मी.) दगडी राशीपेक्षा काही मीटरने उंच आहे. तरीही १८९१ च्या यादीत राशीचा माथा डोंगर आणि सुळका टॉप ठरला. सुळका हा डोंगराचा भाग आहे, डोंगर नव्हे, अशी त्या वेळची धारणा यामागे असावी. १९२१ च्या आवृत्तीत हा क्रम उलटला. मन्रोंच्या संपूर्ण यादीत प्रस्तरारोहण केल्याशिवाय आणि दोरावरून उतरल्याशिवाय न होणारा हा एकच माथा. चालण्याचा छंद असलेल्या कित्येकांना शेवटच्या टप्प्यावर वाटाड्या घ्यावा लागतो तो इथेच. खुद्द मन्रो यांच्याकडूनही हा सुळका झाला नाही.

आवृत्त्या व बदल : मन्रो यांनी सुधारित यादीसाठी टिपणे जमवत ठेवली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते फ्रान्समधील तारास्कॉन येथे सैनिकांसाठी उपाहारगृह चालवत होते. तेथेच १९१९ मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या टिपणांच्या आधारे १९२१ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात मन्रो २७६ आणि टॉप ५४३ झाले. मन्रो यांचे स्वतःचे किती डोंगर राहिले होते याविषयी दोन किंवा तीन असे वेगवेगळे उल्लेख आढळतात. केर्नगॉर्ममधील कार्न क्लोइख वूलिन (जात्याच्या दगडाचा डोंगर) हा सोपा माथा त्यांनी अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवला होता, ही हकीकत मात्र सर्वत्र सांगितली जाते.

पुढची पन्नास वर्षे बदल किरकोळ होते. मीटर मापनपद्धती आल्यावर जे. सी. डोनाल्डसन यांच्या संपादकत्वाखाली १९७४ ची आवृत्ती निघाली व संख्या २७९ झाली. १९८१ मध्ये डोनाल्डसन आणि हॅमिश ब्राउन यांनी केलेल्या फेरतपासणीत काही नव्या शिखरांना बढती मिळाली, काहींची पदावनती झाली. ग्लेन फेशीच्या माथ्यावरील कित्येक पठारी माथे वगळले गेले आणि कार्न क्लोइख वूलिनही टॉपमध्ये गेले. म्हणजे मन्रो यांनी अखेरच्या दिवसासाठी राखलेला डोंगर त्यांच्या मृत्यूनंतर बासष्ट वर्षांनी डोंगरच राहिला नाही. संख्या पुन्हा २७६ वर आली. निकष स्पष्ट न करता केलेल्या या बदलांवर जी टीका झाली तिच्यात तथ्य आहे. त्याच वेळी मामोर रांगेतील स्कोर आन यूअरला मिळालेली बढती १९९७ मध्ये काढून घ्यावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दरम्यान १९८४ मध्ये नकाशांच्या फेरसर्वेक्षणामुळे बेन चॅलाख (९१४.६ मी.) यादीत आले, तेव्हा संख्या २७७ झाली.

१९९७ ची आवृत्ती (संपादक डेरेक बेअरहॉप) याच्या उलट दिशेने गेली. एका झटक्यात आठ टॉप मन्रो झाले. त्यांत बेन लॉअर्सजवळील उभट आन स्टूक, केर्नगॉर्ममधील स्कोर आन लोखन उअन्ये, ग्लेन्को भागातील स्टॉब कोरे स्क्रेवाख आणि तोरिडनच्या बेन ॲलिगिनवरील टोम ना ग्रूगाख यांचा समावेश होता. एक वगळून आठ वाढल्याने बेरीज २८४ झाली. यांपैकी बहुतेक नावांना फारसा विरोध झाला नाही. ती पायथ्यापासून पाहिली तरी वेगळे डोंगर म्हणून डोळ्यांत भरतात. पण ज्यांनी यादी आधीच पुरी केली होती त्यांच्यापुढे आठ माथे नव्याने उभे राहिले.

उंचीचे फेरमापन : एकविसाव्या शतकात वादाचा रोख स्वातंत्र्यावरून उंचीकडे वळला, तो उपग्रहाधारित मापनामुळे. जुन्या नकाशांतील उंची पूर्णांक मीटरमध्ये असते. ‘९१४’ असा आकडा असला की शिखर ९१४.४ च्या वर की खाली हे कळत नाही. अशा सीमेवरच्या शिखरांची मोजणी मन्रो सोसायटी या, यादी पुरी केलेल्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली. मोजणीची रीत सांगण्याजोगी आहे. धुकट, वाऱ्याच्या माथ्यावर गेल्यावर प्रथम समतलमापकाने नैसर्गिक खडकांपैकी सर्वांत उंच कोणता हे ठरवायचे. माणसांनी रचलेली दगडी रास धरायची नाही. मग त्या खडकावर उपग्रहाचे संदेश घेणारे यंत्र उभारायचे, पुरेशी नोंद होईपर्यंत बराच वेळ ते हलू द्यायचे नाही आणि तोवर थंडीत बसून राहायचे. हाती येणारा आकडा काही सेंटिमीटरपर्यंत विश्वासार्ह असतो.

उत्तरेकडील फॉइनावेनला बढती मिळेल अशी मोठी अपेक्षा होती. २००७ च्या मोजणीत ते ९११ मी. च्या आसपास निघाले. तोरिडनमधील बेन जेरग ९१३.७ मी. च्या जवळ थांबले. यादीत असलेल्यांवरही गदा आली. स्कूर नान क्यानिखन (फेरीवाल्यांचे शिखर) ९१३.४३ मी. भरले आणि २००९ मध्ये वगळले गेले. बेन अ ख्लैव (तलवारीचा डोंगर) ९१३.९६ मी. भरून २०१२ मध्ये गेले. दुसऱ्याला कमी पडले ते ४४ सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. अशा रीतीने संख्या २८२ वर आली. डोंगर स्वतंत्र आहे की नाही याचा निवाडा अंदाजाने आणि उंचीचा सेंटिमीटरने, ही विसंगती या टप्प्यावर ठळक झाली.

अन्य याद्या : मन्रो यांची संदिग्धता टाळण्याचे प्रयत्न इतर याद्यांत दिसतात. दक्षिणेकडील सखल प्रदेशासाठी पर्सी डोनाल्ड यांनी १९३५ मध्ये दिलेले सूत्र सर्वांत काटेकोर. दोन हजार फुटांवरील माथ्यासाठी त्यांनी अंतर आणि उतार एकाच मापात बसवले : खिंडीवाटे एक बारांश मैल चाल म्हणजे एक एकक, आणि ५० फुटांची प्रत्येक समोच्च रेषा म्हणजे एक एकक. मुख्य माथ्यापासून सतरा एककांच्या आत असेल तो टॉप, त्यापलीकडचा डोंगर. माथा मैलभर दूर असेल व उतार २०० फूट असेल तर बारा आणि चार मिळून सोळा, म्हणजे टॉप. उतार ३०० फूट असता तर बारा आणि सहा अठरा, म्हणून डोंगर. सूत्र हुशारीचे आहे, पण पुढे कोणी फारसे उचलले नाही.

जॉन रूक कॉर्बेट यांची २,५०० ते ३,००० फुटांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर बहिणीमार्फत क्लबकडे आली. चहूबाजूंनी ५०० फुटांचा उतार ही तिची एकच अट, त्यामुळे तिच्याबाबत स्वातंत्र्याचा वाद जवळजवळ होत नाही. सध्या तिच्यात २२२ डोंगर आहेत. मन्रोमधून गळलेली वरील दोन शिखरे तिला मिळाली. त्याखालच्या उंचीच्या डोंगरांना फिओना ग्रॅहम यांच्यावरून ‘ग्रॅहम’ म्हणतात (१९९२). त्याच वर्षी ॲलन डॉसन यांनी उंचीची अट सोडून सर्व ब्रिटनभर फक्त १५० मी. उताराची कसोटी लावली व त्या डोंगरांना ‘मॅरिलिन’ हे नाव दिले. त्यात मन्रो या आडनावावरची कोटी आहे.

यादीची पूर्ती : सर्व मन्रो चढणाऱ्याची नोंद क्लबचा लेखनिक क्रमांकानुसार ठेवतो, अशा नोंदी सात हजारांवर गेल्या आहेत. पहिला क्रमांक धर्मोपदेशक ए. ई. रॉबर्टसन यांचा (१९०१). ओनाख एगाख धारेवरील मेल जेरग हा त्यांचा अखेरचा माथा. तेथे त्यांनी आधी दगडी राशीचे आणि मग पत्नीचे चुंबन घेतले, असे सांगतात. बेन विव्हिसवर ते पावसामुळे माथ्याआधीच परतले असावेत, अशी शंका त्यांच्या रोजनिशीवरून काही अभ्यासक घेतात. तरी पहिला क्रमांक त्यांच्या नावे कायम आहे. यादीत नंतर भर पडली म्हणून जुन्या पूर्तीची नोंद रद्द होत नाही. नवे माथे चढायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.