घड्याळ बरोबर, नियम शिळा

नोव्हेंबरात विदर्भातल्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागते, आणि त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. हिंगणघाट असो की पांढरकवडा, रुईचा सौदा करणाऱ्याचा एक डोळा न्यूयॉर्कच्या वायद्यावर असतोच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. गावात राहून परदेशी कंपन्यांचं काम करणारी पोरंही आता दिसतात. त्यांच्या मीटिंगा याच दोन आकड्यांवर चालतात. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला यातला कोणता आकडा कधी लावायचा हे कुठून कळतं? आणि दरवर्षी काही आठवडे तो चुकीची वेळ का दाखवतो?

आधी घड्याळ सरकवण्याचा हा प्रकार समजून घेऊ. आपल्याकडे ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते. वेळापत्रक हलतं, घड्याळ जागच्या जागी राहतं. अमेरिका-युरोपात याच्या उलट करतात: शाळा-ऑफिसची वेळ तीच ठेवतात आणि घड्याळच तासभर पुढे नेतात. उन्हाळ्यात पहाटे लवकर येणारा उजेड झोपेत वाया जाऊ नये, तो संध्याकाळी कामी यावा, हा त्यामागचा हेतू. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासही भरत नाही. नागपूरला हाच फरक जेमतेम अडीच तासांचा आहे, त्यामुळे आपल्याला याची फारशी गरज पडत नाही. तरी आपणही हे केलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची घड्याळं तासभर पुढे होती. तेव्हा जन्मलेल्या आजोबांची पत्रिका मांडायची तर नोंदलेल्या वेळेतून तो तास वजा करावा लागतो.

आता कॉम्प्युटरकडे वळू. ऑपरेटिंग सिस्टिम आतल्या आत एकच जागतिक वेळ मोजत असते. भारताची वेळ हवी असेल तर ती त्यात साडेपाच तास मिळवते. न्यूयॉर्कची हवी असेल तर चार किंवा पाच तास वजा करते. चार की पाच, हे एका तक्त्यात पाहून ठरवते. घोटाळा होतो तो या तक्त्यात. इंटरनेटवरून घड्याळ जुळवलं तर सेकंदापर्यंत अचूक जागतिक वेळ मिळते, पण कोणत्या देशाचा नियम काय, हे त्या निरोपात नसतंच. म्हणून मदरबोर्डवरचा सेल बदला, इंटरनेटवरून वेळ पुन्हा पुन्हा जुळवा, तक्ता जुना असेल तर उत्तर चुकीचंच येणार. दुरुस्तीला बोलावलेला माणूस बहुतेकदा या दोन गोष्टी करून निघून जातो, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं.

तक्ता जुना होतो, कारण त्यात लिहिलेले असतात सरकारांचे निर्णय. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा केला आणि २००७ पासून तारखा बदलल्या. पूर्वी घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायचं. आता ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. जुनाच नियम धरून बसलेला कॉम्प्युटर दरवर्षी वसंतात तीन-चार आठवडे आणि शरदात एक आठवडा एका तासाने चुकतो. बाकीचे महिने तो अगदी बरोबर असतो, आणि त्यामुळेच दोष लवकर सापडत नाही.

विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक प्रदेशाचा नियम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, अवघ्या ४४ बाइट्समध्ये मावतो. स्थानिक वेळेत किती मिनिटं मिळवली की जागतिक वेळ येते तो आकडा (भारतासाठी उणे ३३०), मग घड्याळ कधी पुढे आणि कधी मागे न्यायचं ते: महिना, कितवा आठवडा, वार, तास. आठवड्याच्या जागी ५ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘शेवटचा’. मांडणी फार सुबक आहे, पण तिच्यात एका वेळी एकच नियम बसतो. २००७ चा नियम भरला की २००५ च्या मार्चमधल्या जुन्या नोंदीही नव्या नियमाने वाचल्या जातात आणि त्या तासाने सरकतात. वर्षागणिक वेगळा नियम ठेवण्याची सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली. विंडोज २००० वापरणाऱ्यांना तर २००७ मध्ये फुकट अपडेटही मिळालं नाही. हे आकडे हाताने बदलावे लागले.

लिनक्स आणि अँड्रॉइडची वाट वेगळी. तिथे साऱ्या जगाचा एक सामाईक तक्ता वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. आपली नोंद त्यात ‘आशिया/कोलकाता’ या नावाने आहे, युद्धकाळातल्या तासासकट. २०११ मध्ये एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने त्यातल्या ऐतिहासिक माहितीवर हक्क सांगत दावा ठोकला आणि तक्ता काही दिवस इंटरनेटवरून उतरवावा लागला. पुढच्या वर्षी दावा मागे घेतला गेला. जगभरातल्या यंत्रांची वेळ मोजक्या स्वयंसेवकांच्या चिकाटीवर उभी आहे, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने घड्याळ पुढे नेण्याचा दिवस जेमतेम तीन दिवस आधी लांबणीवर टाकला, चर्चने तो मानला नाही, आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला गेला. असा प्रत्येक बदल कुणाला तरी रातोरात तक्त्यात नोंदवावा लागतो. ज्या जुन्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं थांबलं, त्याच्यापर्यंत ही नोंद पोहोचतच नाही.

हे आपल्या दाराशीही येऊ शकतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने २०१८ मध्ये ईशान्य भारतासाठी तासभर पुढची वेगळी वेळ सुचवली होती. तसा निर्णय कधी झालाच, तर गुवाहाटीची वेळ बघणाऱ्या चंद्रपुरातल्या जुन्या कॉम्प्युटरलाही नवा तक्ता लागेल.

आपलं यंत्र तपासणं सोपं आहे. तारीख बदलायची गरज नाही. कॅलेंडरच्या प्रोग्रॅममध्ये २० मार्चला न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी दहाची नोंद करा आणि ती भारतीय वेळेत बघा. संध्याकाळचे साडेसात दिसले तर नियम नवा आहे. साडेआठ दिसले तर जुना. जुना निघाला म्हणून घड्याळच तासभर सरकवू नका. बिलांवर आणि फायलींवर चुकीची वेळ पडेल, आणि इंटरनेट जोडलं की यंत्र पुन्हा मूळ वेळेवर येईल. बदलायचा तो तक्ता. तोही एकाच ठिकाणी असेल असं नाही: जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालणारे प्रोग्रॅम स्वतःचा वेगळा तक्ता बाळगतात, म्हणून विंडोज दुरुस्त केल्यावरही हिशेबाचा प्रोग्रॅम साडेआठच दाखवत राहू शकतो. २० मार्चची नोंद अशा प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळी करून बघावी लागते.