सर्वसमावेशक विज्ञान-अध्यापन: चाळणीपासून वर्गाकडे

पीएचडी संपवून पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्याकडे सहसा दोनच गोष्टी असतात: विषयाचं ज्ञान आणि आपल्याला कसं शिकवलं गेलं याची आठवण. त्या आठवणीत एक जुना समज मुरलेला असतो. विज्ञान अवघड आहे, ते सगळ्यांना झेपत नाही, पहिल्या वर्षी चाळण लागणारच. सर्वसमावेशक अध्यापन म्हणजे कुणालाही न गाळता सगळ्यांना शिकता येईल असं शिकवणं. त्याचा इतिहास म्हणजे या समजाला जाब विचारण्याचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या विद्यापीठांत घडला.

माझ्या मते या समजाला सर्वांत खोल तडा दिला तो गणिताचे अभ्यासक युरी ट्रीझमन यांनी. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसच्या (पहिल्या वर्षाच्या गणिताच्या) वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्रीझमन यांनी कारणं ऐकून घेतली आणि मग विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात तेच जाऊन पाहिलं. विसेक कृष्णवर्णीय आणि तितकेच चिनी वंशाचे विद्यार्थी त्यांनी जवळून न्याहाळले. चारही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानाने भरत होती, पण एकेकटी, खोलीचं दार लावून. चिनी वंशाची मुलं आधी आपापला अभ्यास करत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासत. उत्तर चुकलं तर ते आपलंच चुकलं की गणितच अवघड आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळे. एकट्याला ते कळायला मार्गच नव्हता.

यावरचा ट्रीझमन यांचा उपाय मला आजही धाडसी वाटतो. त्यांनी ‘कच्च्या मुलांसाठी’ जादा तास काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन मुलांना गटात बसवलं. निकाल बदलले, आणि ही पद्धत पुढे इतर विद्यापीठांनी उचलली.

१९९७ मध्ये इलेन सीमोर आणि नॅन्सी ह्यूइट यांचा मुलाखतींवर आधारलेला मोठा अभ्यास आला. विज्ञान सोडून जाणारे आणि टिकून राहणारे यांच्या कुवतीत फारसा फरक नव्हता. निकृष्ट शिकवण्याबद्दलच्या तक्रारीही दोघांच्या सारख्याच होत्या.

वर्गात नेमकं काय बदलायचं, याची एक किल्ली शाळांतून आली. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. एका सेकंदात हात वर होतो तो पहिल्या बाकावरच्या त्याच दोघा-तिघांचा. मागे बसलेली मुलगी अजून वाक्य जुळवत असते, तोवर तास पुढे सरकतो. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले की उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. दोन सेकंदांचा फरक! पण नवख्या शिक्षकाला ती शांतता फार लांब वाटते, हेही खरं.

१९९१ मध्ये हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात मध्येच प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायला सुरुवात केली. अशा प्रयोगांचे पुरावे साचत गेले. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले: निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

ही सरासरी सगळ्यांची मिळून होती. वंचित गटांचं काय, याचं उत्तर २०२० मध्ये आलं. एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं की अशा वर्गांत अल्पसंख्याक आणि अल्प उत्पन्न गटातले विद्यार्थी व इतर यांच्यातली परीक्षेच्या गुणांची दरी सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली. मात्र एक अट होती. तासाचा बराचसा वेळ विद्यार्थीच काम करत होते, तिथेच ती आटली. व्याख्यानात अधूनमधून एखादा उपक्रम घातला, तिथे ती जवळपास तशीच राहिली.