ज्ञानवाटपाच्या गटांतील नेतृत्वगुण

आपल्याजवळचे ज्ञान एकमेकांना देत काम करणाऱ्या गटांतील सदस्य प्रमुखाच्या कोणत्या गुणांना मोल देतात, याचा विचार व्यवस्थापनशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र यांत होतो. विषयातील जाणकारी, निःपक्षपातीपणा व श्रेय वाटून देण्याची वृत्ती हे गुण सर्वमान्य आहेत. विनासंकोच विचारता येईल असे वातावरण राखण्याच्या गुणाला अलीकडे अग्रस्थान मिळाले असून ते रास्तच आहे. संकोचलेला सदस्य आधी प्रश्न विचारणे सोडतो, मग माहिती देणेही.

या वातावरणाला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. या संकल्पनेचे श्रेय सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या १९९९ मधील निबंधाला दिले जाते. तथापि एडगर शाइन व वॉरन बेनिस यांनी १९६५ मध्येच संघटनांतील बदलांच्या संदर्भात ही कल्पना मांडली होती आणि विल्यम कान यांनी १९९० मध्ये ती व्यक्तीच्या कामातील सहभागाशी जोडली. एडमंडसन यांनी तिला संपूर्ण गटाचा गुणधर्म मानले. ज्ञानवाटपाच्या विचारात हीच मांडणी अधिक उपयोगी वाटते. रुग्णालयांतील औषधविषयक चुकांच्या त्यांच्या १९९६ मधील अभ्यासात चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. तेथे चुका जास्त घडत नसून त्या मोकळेपणाने सांगितल्या जात असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला.

मात्र सगळेच ज्ञान सांगून देता येत नाही. विचारवंत मायकेल पोलान्यी यांच्या मते माणसाला सांगता येते त्याहून अधिक कळत असते. असे अव्यक्त ज्ञानही शब्दांत उतरवता येते, असे जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ नोनाका व ताकेउची यांनी १९९५ मध्ये प्रतिपादले. पुढील काही अभ्यासकांना ते मान्य नाही. मृदा सर्वेक्षणातील अनुभव या आक्षेपाच्या बाजूने झुकतो. नागपूर येथे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आहे. या क्षेत्रात मातीचा पोत, म्हणजे तिच्यातील रेती व चिकण कणांचे प्रमाण, शेतावरच अजमावण्यासाठी ओली माती बोटांत मळून तिची पट्टी काढतात. विदर्भातील चिकण काळ्या मातीची पट्टी लांब निघते, रेताड मातीची लगेच तुटते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. म्हणून ढेकूळ आधी नवख्याच्या हाती देणारा, स्वतःचे मत शेवटी सांगणारा आणि प्रयोगशाळेतील पृथक्करणाचा निकाल अंदाज बांधणाऱ्यापर्यंत परत पोचवणारा प्रमुख मोलाचा ठरतो. सरकारी कार्यालयांत प्रमुखच कनिष्ठांचे कार्यमूल्यमापन अहवाल लिहीत असल्याने हा मोकळेपणा त्याला जाणीवपूर्वक निर्माण करावा लागतो.