उंचीचे जनुकीय बदल, एक नव्हे बारा हजार

पोरगं आईवर गेलं की बापावर, ही चर्चा घरोघरी चालते, पण त्यावर नीट आकडेमोड करणाऱ्या पहिल्या लोकांत इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन येतो. 1886 साली त्याने इंग्लंडमधल्या 205 जोडप्यांच्या 928 मोठ्या मुलामुलींच्या उंच्या मांडल्या, बायकांच्या उंचीला 1.08 ने गुणून घेतलं म्हणजे पुरुषांसोबत एकाच तक्त्यात बसतील, आणि दिसलं असं की खूप उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी पण आईबापांपेक्षा सरासरीकडे सरकलेली. स्टॅटिस्टिक्समधलं रिग्रेशन ते हेच. (युजेनिक्सची, म्हणजे निवडक माणसांचीच पैदास वाढवून वंश सुधारू या विचाराची, खोडही याच माणसाची, तेही लक्षात असू द्या.)

मग 1900 ला मेंडेल या संशोधकाचं आनुवंशिकतेवरचं विसरलेलं काम पुन्हा सापडलं आणि भांडण लागलं. त्याची वाटाण्याची झाडं एकतर उंच नाहीतर बुटकी, मधलं काही नाहीच, आणि माणसं बघावं तर सगळ्या मापाची! गाल्टनसारखी मापं मोजणाऱ्या पिअर्सनची माणसं एकीकडे, मेंडेलची बाजू घेणाऱ्या बेटसनची दुसरीकडे, वर्षानुवर्षं वाद. 1918 मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने गणितानेच तो मिटवला: जनुकं मेंडेलचीच, फक्त एक नाही तर ढीगभर, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, सगळ्यांची बेरीज केली की मधली सगळी मापं आपोआप येतात.

पुरावा मिळायला मात्र 2007 उजाडलं. एचएमजीए2 नावाच्या जनुकाजवळचा, कितीतरी लोकांत आढळणारा डीएनएमधला एक बदल सापडला, त्याच्या एका प्रतीमागे उंची साधारण 0.4 सेंमी वाढते, बस्स एवढंच. 2010 पर्यंत 1,83,727 लोक तपासून उंचीशी जोडलेल्या डीएनएवरच्या 180 जागा मिळाल्या, पण त्यातून माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी 10 टक्केच उलगडला, आणि जुळ्यांचे अभ्यास तर 80 टक्के आनुवंशिक म्हणत होते, मग उरलेलं गेलं कुठे? त्याच वर्षी पीटर विशर यांच्या टीमने सापडलेल्या जागा बाजूला ठेवून जवळपास 3 लाख बदल एकदम हिशोबात धरले तर आकडा थेट 45 टक्क्यांवर गेला, म्हणजे हरवलं फारसं नव्हतंच, एकेकट्याचा परिणाम इतका बारीक की नजरेत भरत नव्हता. फिशर बरोबर होता की!

2022 मध्ये 54 लाख लोकांच्या डेटातून 12,111 बदल निघाले, युरोपीय वंशाच्या लोकांत ते 40 टक्के फरक सांगतात, बाकीच्यांत बरंच कमी, आणि त्या 54 लाखांत दक्षिण आशियाई किती, तर 78 हजारांच्या आसपास.