कंपनी कोणती, त्याआधी विमान कोणतं ते विचारा

"सगळ्यात चांगली एअरलाइन कोणती जी?" नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या विमान तिकिटांच्या लहानशा ऑफिसात आलेले बहुतेक ग्राहक खुर्चीवर बसता बसता हेच विचारतात. त्यावर आमचे उलट प्रश्न ठरलेले असतात: कुठे जायचं, कोण जाणार, आणि गुडघे कसे आहेत? काहींना वाटतं आम्ही थट्टा करून राहिलो. पण तिकिटावरच्या नावापेक्षा या तीन उत्तरांवर प्रवास सुखाचा होणार की नाही हे जास्त ठरतं. तेवढ्यासाठी हे माहितीपत्रक छापलं आहे.

जागा किती मिळते

खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं अंतर इंचांत मोजतात. देशातल्या बहुतेक विमानांत ते २८ ते ३० इंच असतं आणि लांबच्या आंतरराष्ट्रीय विमानांत साधारण ३१-३२. नागपूर–मुंबई दीड तासाची, तिथे या दोन इंचांसाठी जादा पैसे मोजू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. आठ तासांच्या प्रवासात मात्र हेच दोन इंच गुडघ्यांना कळतात.

रुंदीचं गणित उलटं आहे. इंडिगो आणि एअर इंडियाच्या एअरबस ३२० मध्ये एका रांगेत तीन-तीन खुर्च्या असतात आणि एकेक खुर्ची सुमारे १८ इंच रुंद असते. मुंबईहून आखाताकडे जाणारं भलंमोठं बोइंग ७७७ पाहून लोक हरखतात, पण त्यात बहुतेक कंपन्या एका रांगेत दहा खुर्च्या बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १७ इंचांच्या आसपास येतात. अंगाने भरलेल्या माणसाला छोटंच विमान बरं पडतं.

लहान शहरांच्या मार्गांवर एटीआर नावाचं छोटं, पंख्याचं विमान असतं. ते पाहून नाक मुरडू नका. त्यात दोन-दोन खुर्च्या असल्यामुळे मधली सीट हा प्रकारच नाही. नवराबायको निवांत बसतात. आवाज मात्र होतो, म्हणून पंख्याच्या रेषेतल्या रांगा टाळून मागची सीट घ्या. वरचे कप्पे लहान असल्यामुळे चाकाची बॅग बऱ्याचदा दारातच घेऊन खाली सामानात टाकतात. औषधं आणि चष्मा आधीच पिशवीत काढून ठेवा.

अमेरिका-युरोपला जाणाऱ्यांना आम्ही बोइंग ७८७ किंवा एअरबस ३५० आहे का, हे बघून देतो. जुन्या विमानांत केबिनमधली हवा सुमारे ८ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असू शकते, म्हणजे सिमल्याच्याही थोडं वर. या नव्या विमानांत ती ६ हजार फुटांच्या आसपास राखतात आणि हवा कोरडीही कमी असते. उतरल्यावर डोकं जड होणं, घसा सुकणं पुष्कळ कमी होतं. साठीच्या पुढच्या प्रवाशासाठी हा फरक जेवणाच्या ताटापेक्षा मोठा, असं आमचं मत.

जेवण

देशांतर्गत प्रवासात इंडिगोच्या साध्या तिकिटात खाणं विकतच घ्यावं लागतं; एअर इंडियाच्या तिकिटात ते सहसा धरलेलं असतं. शारजाला जाणारी एअर अरेबिया स्वस्तातली कंपनी, तिथेही खाण्याचे पैसे वेगळे पडतात हे धरून चला. कतार एअरवेजमध्ये जेवण आणि सिनेमा बघायचा पडदा दोन्ही तिकिटातच.

एक चूक वारंवार होते. आंतरराष्ट्रीय विमानात 'हिंदू मील' निवडलं म्हणजे शाकाहारी ताट येईल असं घरोघरी समजतात. ते शाकाहारी नसतं. त्यात चिकन किंवा मासा येऊ शकतो, फक्त गोमांस नसतं. शाकाहारींनी 'एशियन व्हेजिटेरियन' घ्यावं, जैन जेवण वेगळं मागावं, आणि दोन्ही निदान २४ तास आधी नोंदवावं. चातुर्मास पाळणाऱ्या एका काकूंनी अख्खा प्रवास ब्रेड आणि केळ्यावर काढला, तेव्हापासून आम्ही हे विचारल्याशिवाय तिकीटच काढत नाही.

नागपूरहून थेट की मुंबईमार्गे?

थेट विदेशी विमान अवेळी असतं, झोपेचं खोबरं होतं, हे खरं. पण परतीचा विचार करा. मुंबई किंवा दिल्लीमार्गे आलात तर तिथे सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टम करायचं आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा जमा करायचं. रात्रभर जागलेल्या आजी-आजोबांना घेऊन. दोह्याहून थेट आलात तर हे सगळं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, घराजवळ होतं. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीची कसलीच जबाबदारी राहत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या.

बिनसतं तेव्हा

हवाईसुंदरी हसून बोलली यावरून सेवा जोखू नका. दिल्लीला धुकं पडून चार तास खोळंबा होतो, तेव्हा काउंटरवर कोण उभं राहतं ते बघा. कंपनी कोणतीही असो, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमांनी तुम्हाला काही हक्क दिलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर चहा-नाश्ता किंवा जेवण द्यावं लागतं. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी रक्कम भरपाई म्हणून मिळते. धुकं, वादळ, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर ही भरपाई मिळत नाही.

आणि बुकिंग करताना तुमचा संपर्क नीट दिलेला नसेल तरी मिळत नाही! आमच्या एका ग्राहकाचं तिकीट पुण्याच्या भाच्याने मोबाइलवरून काढलं, नंबर स्वतःचा दिला. विमान रद्द झाल्याचा मेसेज भाच्याला आला, तो झोपलेला. मामा पहाटे साडेचारला विमानतळाच्या दारात उभे. "तू काहून नाही सांगितलं?" हे भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून आम्ही तिकिटावर प्रवाशाचाच नंबर टाकतो, आमचा नाही.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा अहवाल लिहून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. त्यानंतर कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. ती भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

व्हीलचेअर मोफत असते, पण ४८ तास आधी कळवलेली बरी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ जागा द्यावी, असं डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. तेवढ्यासाठी सीटचे पैसे भरण्याआधी आम्हाला विचारा.

आमचं सेवाशुल्क बिलावर वेगळं लिहिलेलं असतं, भाड्यात मिसळलेलं नसतं. येताना ओळखपत्र, प्रवाशांची वयं आणि दुखण्यांची यादी आणा. फोन केला तरी चालेल. फक्त उन्हाळ्यात दुपारी एक ते चार शटर खाली असतं.