‘जंगल वनखात्याचं, ग्रामसभेचा ठराव नुसता कागद’ हे खरं नाही

हा समज गडचिरोलीपासून पालघरपर्यंत आजही ऐकू येतो. वनहक्क कायदा, 2006 मधल्या कलम 3(1)(झ) नुसार, परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा आहे. कलम 5 ग्रामसभेला त्या वनातली नासधूस थांबवण्याचा अधिकार देतं. जमिनीची मालकी सरकारकडेच राहते, कारभार मात्र गावाकडे येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर तो मिळवला.

घोळ होतो तो हा हक्क मागणाऱ्या दाव्यात. अर्जाचा नमुना ‘ब’ गवत, तेंदू, मासे अशा वापराच्या हक्कांसाठी आहे. राखण्याचा हक्क हवा तर नमुना ‘क’ वेगळा भरावाच लागतो, आणि नेमका तोच राहून जातो! ग्रामसभेने निवडलेली, दावे तपासणारी वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात किमान एक तृतीयांश महिला. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. सह्या मोजूनच ठराव लिहा. पुरावे किमान दोन जोडा: निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराची सरकारी नोंद), जुने नकाशे, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते.