गेम शो, अमेरिकन (सूत्रसंचालक व पॅनेल)

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील खेळांच्या कार्यक्रमांत खेळ चालविणारा सूत्रसंचालक आणि स्पर्धकाला प्रश्न विचारणाऱ्या किंवा त्याच्यासाठी खेळणाऱ्या नामवंतांचे मंडळ (पॅनेल) यांचा विचार येथे केला आहे. स्थूलमानाने १९५० ते १९८० हा या परंपरेचा भराचा काळ होय.

पॅनेलच्या उगमाबाबत दोन उपपत्ती मांडता येतात. पहिलीनुसार तो १९३८ मधील ‘इन्फर्मेशन प्लीज’ या रेडिओ कार्यक्रमात आहे. त्यात श्रोते प्रश्न पाठवीत व जाणकारांचे मंडळ त्यांना तोंड देई. सूत्रे साहित्यसमीक्षक क्लिफ्टन फॅडिमन याच्याकडे असत. दुसरीनुसार तो हो-नाही प्रश्नांच्या बैठ्या खेळात शोधावा लागतो. हा खेळ ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ या नावाने १९४६ मध्ये रेडिओवर आला. पहिल्या कार्यक्रमात मंडळ उत्तरे देते, दुसऱ्यात ते प्रश्न विचारते. दूरचित्रवाणीवरील पॅनेल मुख्यतः प्रश्नच विचारीत असल्याने दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. मात्र विद्वान आणि विनोदी माणसे एका टेबलाशी बसविण्याची कल्पना पहिल्या कार्यक्रमाकडून आली असावी.

या परंपरेचे प्रमाणरूप म्हणजे सीबीएस या वाहिनीवरील ‘व्हॉट्स माय लाइन?’ (२ फेब्रुवारी १९५० ते ३ सप्टेंबर १९६७). निर्माते मार्क गुडसन व बिल टॉडमन. स्पर्धकाचा व्यवसाय पॅनेलने ओळखायचा. प्रत्येक ‘नाही’ला स्पर्धकाला पाच डॉलर, दहा ‘नाही’ झाले की पन्नास डॉलर आणि खेळ संपला. शेवटी ‘गूढ पाहुणा’, म्हणजे पॅनेलने ओळखायची एखादी नामवंत व्यक्ती, येई. तेव्हा पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या असत. पहिला गूढ पाहुणा बेसबॉलपटू फिल रिझुटो हा होता. सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली (जन्म जोहान्सबर्ग, १९१४) मूळचा वार्ताहर. पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे वृत्त त्याने रेडिओवरून दिले होते. १९५३ ते १९६० या काळात तो एबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या वृत्तविभागाचा प्रमुख होता आणि दर रविवारी रात्री सीबीएसवर खेळही चालवीत असे. पॅनेलवरील स्त्रियांना तो ‘मिस’ असे अदबीने संबोधी. या औपचारिकतेमुळेच बाकीच्यांचा वात्रटपणा खुलून दिसे.

पॅनेलवर स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन, अभिनेत्री आर्लीन फ्रान्सिस आणि प्रकाशक बेनेट सर्फ हे प्रदीर्घ काळ होते. सर्फ १९५१ मध्ये कवी लुई अंटरमायर याच्या जागी आला. साम्यवादाशी संबंध असल्याच्या आरोपांवरून अंटरमायरला काढण्यात आले होते. ‘पावाच्या डब्याहून मोठे आहे काय?’ हा गाजलेला प्रश्न १९५३ मध्ये विनोदवीर स्टीव्ह ॲलन याने रूढ केला. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, आदल्या रात्रीच्या थेट प्रक्षेपणानंतर काही तासांतच, किलगॅलनचा मृत्यू झाला. शेवटच्या भागातील गूढ पाहुणा स्वतः डेली होता.

मोठ्या रकमेच्या प्रश्नमंजूषांची पत १९५८ मध्ये गेली. ‘ट्वेंटी वन’मध्ये स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरविली जात, हे उघड झाले, त्यातील गाजलेला स्पर्धक चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीपुढे तसे कबूल केले आणि १९६० मध्ये अशी बनवाबनवी कायद्याने गुन्हा ठरली. पॅनेलचे खेळ यातून सहीसलामत राहिले. पन्नास डॉलरांसाठी खोटेपणा करण्याचे कारणच नव्हते, हे त्यामागचे एक कारण असावे.

पुढे पॅनेलचे कामच बदलले. ‘हॉलिवुड स्क्वेअर्स’मध्ये (१९६६ पासून, सूत्रसंचालक पीटर मार्शल) नऊ नामवंत चौकटींत बसत आणि त्यांचे उत्तर खरे की थाप, हे स्पर्धक ठरवीत. मधल्या चौकटीतील पॉल लिंड त्याच्या कोट्यांसाठी प्रसिद्ध होता. ‘मॅच गेम’मध्ये (सीबीएस, १९७३ ते १९७९) सूत्रसंचालक जीन रेबर्न याच्यासमोर पॅनेलवरील ब्रेट सोमर्स व चार्ल्स नेल्सन रायली यांची जुगलबंदी चाले. त्याच पॅनेलवरील रिचर्ड डॉसन १९७६ मध्ये ‘फॅमिली फ्यूड’चा सूत्रसंचालक झाला.

पॅनेलवर स्त्रिया आरंभापासून होत्या. सूत्रसंचालकाची जागा मात्र बहुधा पुरुषांकडेच राहिली. ‘पासवर्ड’ (१९६१) या खेळातील नित्याची पाहुणी बेटी व्हाइट हिने त्याचा सूत्रसंचालक ॲलन लडन याच्याशी १९६३ मध्ये विवाह केला. १९८३ मध्ये ‘जस्ट मेन!’साठी तिला गेम शोच्या सूत्रसंचालनाचा डेटाइम एमी (दिवसा प्रक्षेपित होणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठीचा) पुरस्कार मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री होय.